तुझं म्हणणं काय?

१९५४ सालचा डिसेंबर. उत्तर प्रदेशातल्या सिकंदरा राव या गावच्या हिंदू इंटरमिजिएट कॉलेजातल्या तीन मुलांना प्राचार्यांकडून एक निरोप आला. ती तिघं त्या वर्षीच्या इंटरच्या परीक्षेला बसली होती. निकाल जूनमध्येच लागला होता आणि तिघंही पास झाली होती. पावसाळा गेला, दिवाळीही उलटली, आणि आता हा निरोप आला: तुम्ही परीक्षेत गैरमार्ग वापरल्याचं मंडळाच्या परीक्षा समितीने ठरवलं आहे, सबब तुमचा निकाल रद्द केला आहे, आणि १९५५ च्या परीक्षेलाही तुम्हाला बसता येणार नाही.

एका निरोपात दोन वर्षं गेली. त्याआधी त्या तिघांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. कारणे दाखवा नोटीस आली नव्हती, जबाब घेतला गेला नव्हता. ‘तुझ्या उत्तरपत्रिकेत असं असं आढळलं आहे, तुझं म्हणणं काय?’ इतका साधा प्रश्नसुद्धा कुणी केला नव्हता. समितीने त्यांच्या पाठीमागे बसून ठरवलं, आणि ठरल्यावर कळवलं.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात त्या काळी इंटरची परीक्षा विद्यापीठाची असे. उत्तर प्रदेशात ती १९२१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाकडे होती. अधिकार मात्र दोन्हीकडे सारखाच होता. परीक्षा घेणारा, निकाल लावणारा, चोर ठरवणारा आणि शिक्षा देणारा एकच. त्याच्यावर दाद मागायची तर कुठे, हे विसाव्या वर्षाच्या आतबाहेर असलेल्या पोराला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. या तिघांनी थेट अलाहाबाद उच्च न्यायालय गाठलं.

तिथे ती जिंकली, म्हणून मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ फेब्रुवारी १९६२ रोजी निकाल लागला. मंडळाचं म्हणणं सरळ होतं. परीक्षा समिती म्हणजे काही कोर्ट नाही, ती प्रशासकीय काम करते, आणि विद्यार्थ्याला बोलावून त्याचं ऐकून घ्या असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं नव्हतं हे खरंच. पुढे सरन्यायाधीश झालेल्या कैलासनाथ वांचू यांनी निकालपत्रात या मुद्द्याला जे उत्तर दिलं, ते आजही प्रत्येक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला लागू आहे. समिती काय करते ते पाहा, असा त्यांचा रोख होता. अमुक मुलाने लबाडी केली की नाही ही वस्तुस्थिती ती ठरवते, आणि ठरवून शिक्षा देते. या शिक्षेने तरुणाची कारकीर्द कायमची उद्ध्वस्त होऊ शकते, आणि नाही झाली तरी नावाला डाग लागतो तो लागतोच. इतकं ओझं ज्या निर्णयाला आहे, तो निर्णय न्यायनिवाड्याच्या जातीचाच झाला. मग कायद्यात शब्द असो वा नसो, ज्याला शिक्षा द्यायची त्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं. ऐकायचं कसं, किती, तोंडी की लेखी, हे मात्र न्यायालयाने त्या दिवशी ठरवून दिलं नाही. पुढची साठ वर्षं सगळा वाद या मोकळ्या सोडलेल्या जागेत झाला.

‘आधी ऐका’ हा नियम मुळात जुना आहे, आणि गंमत अशी की त्याचा सर्वांत गाजलेला दाखलाही एका विद्यापीठातलाच. रिचर्ड बेंटली हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख, ग्रीक-लॅटिनचा जबरदस्त पंडित. फॅलॅरिस या प्राचीन सिसिलीच्या हुकूमशहाच्या नावावर खपत असलेली पत्रं बनावट आहेत, हे त्याने सतराव्या शतकाच्या अखेरीस भाषेच्या पुराव्यावर सिद्ध करून दाखवलं होतं. दुसऱ्याच्या नावावर चालवलेलं लिखाण ओळखण्याची विद्या ज्यांनी घडवली, त्यांत त्याचं नाव फार वरचं आहे. स्वभावाने मात्र तो भांडकुदळ होता. १७१७ मध्ये राजा पहिला जॉर्ज केंब्रिजला आला, तेव्हा काही जणांना डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी मिळाली. धर्मशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने बेंटलीने प्रत्येकाकडून चार गिनींची दक्षिणा मागितली. कॉनियर्स मिडलटन नावाच्या एकाने पैसे भरले आणि मग ते परत मिळावेत म्हणून कुलगुरूंच्या न्यायासनापुढे दावा लावला. बेंटली म्हणाला, कुलगुरू माझे न्यायाधीशच नव्हेत. हा उर्मटपणा झोंबला, आणि ऑक्टोबर १७१८ मध्ये विद्यापीठाने त्याच्या सगळ्या पदव्या काढून घेतल्या. त्याला न बोलावता, न विचारता.

१७२३ मध्ये लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयाने विद्यापीठाला हुकूम सोडला की पदव्या परत द्या. न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी तेव्हा बायबलची आठवण काढली. आदामाने मना केलेलं फळ खाल्लं हे देवाला ठाऊक नव्हतं थोडंच? तरीही शिक्षा देण्याआधी देवाने त्याला हाक मारली, फळ खाल्लंस का म्हणून विचारलं, हव्वेलाही विचारलं. सर्वज्ञाला जे टाळता आलं नाही, ते विद्यापीठाने कसं टाळावं? हा दाखला पुढे जगभरच्या न्यायालयांत फिरला, आपल्याही. १७२४ मध्ये बेंटलीला पदव्या परत मिळाल्या. त्याची बाजू बरोबर होती की चूक, याच्याशी त्या हुकमाचा संबंध नव्हता. त्याला विचारलं नाही, एवढंच पुरेसं ठरलं.

आता पुन्हा १९६२. तीन मुलांचा निकाल लागला त्याच वर्षी उत्तर प्रदेशच्या त्याच मंडळाचं आणखी एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. हे १९६० च्या हायस्कूल परीक्षेचं होतं. शेजारशेजारच्या क्रमांकांच्या दोन परीक्षार्थींच्या हिंदीच्या उत्तरपत्रिकांत चुका सारख्या निघाल्या. बरोबर उत्तरं सारखी असली तर त्यात काही नवल नाही, एकाच पुस्तकातून दोघं शिकलेले असतात. पण चूक ही ज्याची त्याची असते. दोघांच्या चुका शब्दाला शब्द जुळल्या की मास्तरांच्या भुवया वर जातात, हे ज्याने कधी पेपर तपासले आहेत त्याला सांगावं लागत नाही.

या वेळी मंडळ शहाणं झालं होतं. चौकशी समितीने मुलाला बोलावलं. त्याला दोन्ही उत्तरपत्रिका दाखवल्या. चुका सारख्या आहेत हे त्याने मान्य केलं. अशा कशा झाल्या, ते मात्र त्याला सांगता येईना. मी कॉपी केली नाही, एवढंच तो म्हणत राहिला. समितीने त्याला दोषी धरलं. उच्च न्यायालयाने म्हटलं, पुरावाच नाही, आणि शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली.

हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. साताऱ्यात जन्मलेले, संस्कृत पंडितांच्या घरातले, धारवाडचं कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज इथे शिकलेले. परीक्षेच्या खोलीत काय घडतं हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्यांचं म्हणणं असं की, कॉपी करताना कुणी पाहिलंच पाहिजे असा आग्रह धरला तर कॉपी कधीच सिद्ध होणार नाही. अशा बाबतीत परिस्थितीजन्य पुरावा आणि शक्याशक्यता यांवरच ठरवावं लागतं. समितीत शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं असतात, त्यांनी प्रामाणिकपणे आणि रीतसर चौकशी केली असेल तर न्यायालयाने अपील ऐकायला बसल्यासारखं त्यांच्या निर्णयाची चिरफाड करू नये.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत असं मला वाटतं. वांचूंनी विद्यार्थ्याला दार उघडून दिलं, आणि गजेंद्रगडकरांनी आत बसलेल्या मास्तरांच्या शब्दाला वजन दिलं. दुसरा निकाल पहिल्याच्या विरोधात आहे असं काही जण समजतात, ते बरोबर नाही. त्या मुलाला बोलावलं होतं, कागद दाखवले होते, बोलायची संधी दिली होती. हे सगळं झालं होतं म्हणूनच समितीच्या शब्दाला वजन आलं. तो पाया काढून घेतला तर गजेंद्रगडकरांचा निकाल उभाच राहत नाही. पुढे ते सरन्यायाधीश झाले, १९६६ मध्ये निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून रुजू झाले. १९७१ पर्यंत ते त्या पदावर होते. विद्यापीठांच्या शिक्षेविषयी देशाचा कायदा ज्याने लिहिला, तोच माणूस पाच वर्षं एका विद्यापीठाच्या खुर्चीत बसून ती शिक्षा देणाऱ्यांचा प्रमुख झाला. असा योग आपल्या शिक्षणाच्या इतिहासात दुसरा सापडणं कठीण आहे.

त्यानंतर मात्र ‘ऐकणं’ हळूहळू आकसत गेलं.

१९६८ मध्ये केरळ विद्यापीठाचं प्रकरण आलं. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यावर गैरमार्गाचा आरोप होता. विद्यापीठाने चौकशी अधिकारी नेमला, अधिकाऱ्याने त्याचं ऐकून घेतलं आणि अहवाल दिला. कुलगुरूंनी अहवाल मान्य केला, शिक्षेची नोटीस पाठवली, उत्तर मागवलं आणि शिक्षा कायम केली. तो अहवाल विद्यार्थ्याला कधी मिळालाच नाही. ज्या कागदावरून मला शिक्षा झाली तो कागद मला दाखवला नाही, ही त्याची तक्रार. न्यायालय म्हणालं, नैसर्गिक न्यायाची तत्त्वं म्हणजे छापील नियमावली नव्हे, प्रकरणागणिक ती बदलतात, आणि अहवाल देण्याचं बंधन विद्यापीठावर नव्हतं. हवाच होता तर विद्यार्थ्याने मागायला हवा होता. त्याने मागितला नव्हता.

इथे मला न्यायालयाचं पटत नाही. चौकशीपुढे उभं राहिलेल्या मुलाला काय मागता येतं हे कोण सांगतं? त्याच्या बाजूला वकील नसतो, वडील बहुधा गावी असतात, वर्गशिक्षक नजर टाळत असतात. घाबरलेल्या माणसाने आपला हक्क मागितला नाही, म्हणून हक्कच नव्हता असं धरणं मला कठोर वाटतं. निकाल मात्र तसा झाला आणि पुढे कितीतरी विद्यापीठांनी त्याचा आधार घेतला.

मग १९७० चा बिहारचा निकाल. शाहाबाद जिल्ह्यातल्या हंसवाडीह केंद्रावर १९६९ च्या शालान्त परीक्षेत पास होणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात गेलं, इतर केंद्रांवर ते सरासरी ५० टक्के होतं. उत्तरपत्रिकांत उत्तरंही एकमेकांशी जुळत होती. मंडळाने सबंध केंद्राची परीक्षा रद्द केली आणि ३६ परीक्षार्थी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश होते मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि नागपूर विद्यापीठात विधी विद्याशाखेचे अधिष्ठाता राहिलेले. विद्यापीठाचा गाडा हाकण्यातल्या अडचणी त्यांना आतून माहीत होत्या. त्यांनी आणि सोबतच्या न्यायमूर्तींनी उत्तरपत्रिका स्वतः मागवून पाहिल्या. निष्कर्ष असा की, इथे कुणा एकाला चोर म्हटलेलं नाही, परीक्षाच परीक्षेसारखी झालेली नाही. ती पुन्हा घ्यायची तर प्रत्येकाला वेगळी नोटीस देण्याची गरज नाही.

हे तर्कशुद्ध आहे. सामूहिक कॉपीच्या केंद्रावर शेकडो सुनावण्या घेत बसलं तर पुढच्या वर्षीची परीक्षा उजाडेल. पण त्या केंद्रावर एखादी मुलगी खाली मान घालून स्वतःच्या अकलेने पेपर लिहीत असेल, तर तिचंही वर्ष गेलं, आणि तिचं म्हणणं ऐकायला कुणीच नव्हतं. न्यायालयाच्या उत्तरात तिला जागा नाही.

महाराष्ट्रात याच सुमारास आणि पुढे कॉपीचा सुळसुळाट वाढला तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. शाळेच्या खिडक्यांना लटकलेले भाऊ आणि काका, पन्हाळीवरून आत फेकलेल्या चिठ्ठ्या, भरारी पथकाची जीप दिसली की पळापळ. विधिमंडळाने १९८२ मध्ये विद्यापीठ, मंडळ आणि इतर परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा केला आणि बाहेरून मदत करणाऱ्यांनाही गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात आणलं.

त्यानंतरचं मोठं प्रकरण मुंबईचं. मार्च १९९० ची दहावीची परीक्षा. मुंबई विभागातल्या २५० हून अधिक मुलांच्या बाबतीत नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड करून गुण वाढवल्याचं उघडकीला आलं. मंडळाने निकाल राखून ठेवले, चौकशी अधिकारी नेमले, प्रत्येक मुलाला नोटीस दिली. मुलांना उत्तरपत्रिका आणि गुणपत्रकं दाखवली, आणि प्रश्नावली देऊन त्यांच्याच हातांनी उत्तरं लिहून घेतली. नोटिशीत एक अट होती. वकील आणता येणार नाही. आईवडील सोबत येऊ शकतील, पण चौकशीत भाग घेणार नाहीत.

ते दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. पंधरा-सोळा वर्षांचं मूल टेबलापाशी, बाप शेजारच्या खुर्चीत, आणि बापाला बोलायची मनाई. गुण वाढवलेले आहेत हे मुलांनी कबूल केलं, कारण ते कागदावर दिसत होतं. कुणी वाढवले हे आम्हाला ठाऊक नाही, असं त्यांनी सांगितलं. कदाचित ते खरंही असेल. गुणपत्रक मुलाच्या हाती कधी येतच नाही. कुणा नातेवाइकाने, कुणा दलालाने, कुणा कारकुनाने परस्पर काम केलं असेल आणि मुलाला कळलंही नसेल. किंवा त्याला सगळं ठाऊक असेल. मंडळाने निकाल रद्द केले आणि पुढच्या परीक्षांनाही बंदी घातली.

मुंबई उच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्दबातल केली. मार्च १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. फायदा ज्याचा झाला, त्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या हाताशिवाय हे घडलं नसणार. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, पारडं कुठे झुकतं एवढं पाहायचं. आदेशात कारणं लिहिलेली नसली, पण फायलीत ती दिसत असली, तर तेवढ्यावर आदेश मोडत नाही. आज कुठल्याही विद्यापीठाचा वकील न्यायालयात उभा राहिला की हा निकाल त्याच्या हाती असतो.

परीक्षेची अब्रू राखलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्याने रात्र रात्र जागून ६० टक्के मिळवले, त्याच्या पुढे कुणी खाडाखोडीने ८० घेऊन जाऊ नये. पण फायलीत कारण असणं आणि त्या मुलाला कारण सांगणं यांत फरक आहे. १९६२ मध्ये जो प्रश्न मुलाला तोंडावर विचारायचा होता, तो १९९१ पर्यंत फाइलबंद झाला होता.

विद्यापीठांनीही स्वतःची यंत्रणा उभी केली. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने परीक्षा मंडळाला जास्तीत जास्त पाच जणांची शिस्तभंग समिती नेमायला सांगितलं. विद्यार्थ्यांच्या तोंडी ती ‘अनफेअर मीन्स कमिटी’. कामाची पद्धत साधारण ठरलेली असते. पर्यवेक्षक चिठ्ठी पकडतो, उत्तरपत्रिका काढून घेतो, दुसरी देतो, जागच्या जागी विद्यार्थ्याचा जबाब लिहून घेतो, आणि सगळं पाकिटात सीलबंद होऊन विद्यापीठात जातं. नंतर निकाल राखीव राहतो, बोलावणं येतं, आणि काही मिनिटांची भेट होते. त्या भेटीत समितीच्या टेबलावर सर्वांत जड कागद असतो तो परीक्षेच्या खोलीत, थरथरत्या हाताने लिहिलेला जबाब. समोर पर्यवेक्षक उभा असताना लिहिलेली ती चार वाक्यं मूल पुढे बदलू पाहतं, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं.

संशोधनाच्या प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आणले. त्यात साम्याच्या टक्क्यांप्रमाणे पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध. ६० पर्यंत वर्षभर बंदी. त्यापुढे नोंदणी रद्द. नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पाळा असंही या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे वांचूंना जो शब्द कायद्यात सापडला नव्हता, तो आता छापील आला. पण विभागात प्रत्यक्ष पाहिलं जातं ते टक्क्यांकडे. ३९ आणि ४१ यांच्यामध्ये एका माणसाचं वर्ष असतं, आणि हा आकडा यंत्राने काढलेला असतो.

२०२४ मध्ये हरयाणातल्या एका खासगी विद्यापीठातल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचं असंच झालं. त्याची परीक्षेतली उत्तरं ८८ टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली आहेत, असं गैरमार्ग समितीने ठरवून त्याला नापास केलं. तो पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयात गेला. उत्तरं माझी आहेत आणि पुरावा काही नाही, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने विद्यापीठाकडे उत्तर मागितलं. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचं कळवलं, आणि याचिका निकाली निघाली. सारख्या चुका निदान दोन कागद शेजारी ठेवून दाखवता येत होत्या. यंत्राचा ८८ हा आकडा विद्यार्थ्याला कसा दाखवायचा, आणि त्याने तो कसा खोडून काढायचा, हे त्या प्रकरणात ठरलंच नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी नोटीस आली असेल, तर एक विनंती आहे. समितीपुढे जाण्याआधी तुमच्याविरुद्धच्या प्रत्येक कागदाची, अहवालाची, यंत्राच्या तपासणीची प्रत लेखी अर्ज करून मागा, आणि अर्जाची पोच घ्या. १९६८ मध्ये केरळच्या त्या मुलाने अहवाल मागितला नव्हता.